साठीनंतरचा व्यायाम आणि रक्ताचा रिपोर्ट: पहिले बारा आठवडे

व्यायाम सुरू करून पंधरा दिवस झाले की अनेकांना रक्त तपासून बघायची घाई होते. हाती येणारा रिपोर्ट मात्र बहुतेक वेळा चकवतो. एसजीओटी (यकृताच्या तपासणीतलं एक एन्झाइम) वाढलेलं, सीपीके (स्नायूंमधलं एन्झाइम) दुप्पट-तिप्पट आणि एचबीए१सी (साखरेची सरासरी) जवळपास जिथल्या तिथे. घरचे घाबरतात, 'या वयात झेपत नाही' असा निकाल लागतो आणि व्यायाम बंद पडतो. खरं तर तेव्हा स्नायू नुकते कुठे कामाला लागलेले असतात.

म्हणून पद्धत अशी ठेवायची: एक तपासणी सुरू करण्याआधी, दुसरी बारा आठवड्यांनी आणि दोन्ही अगदी सारख्या परिस्थितीत. बारा आठवडेच का? लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर म्हणजे एचबीए१सी. ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी असते, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा सर्वांत मोठा. चौथ्या आठवड्यात मोजलं तर निम्मा हिशेब व्यायामाच्या आधीचाच येतो.

आधी कोणी डॉक्टरांकडे जायचं

चालताना छातीत दडपण येतं, जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागतो, मध्यंतरी चक्कर येऊन पडलात, बीपी १८०/११० च्या आसपास राहतं, पायाला न भरणारी जखम आहे किंवा मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नुकतेच उपचार झाले आहेत, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. डोळ्याच्या पडद्याचा त्रास असताना श्वास रोखून वजन उचललं तर आत रक्तस्राव होऊ शकतो.

औषधांची यादीही एकदा डॉक्टरांसमोर ठेवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली येऊ शकते. बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती आणि बीपी कमी करणारी गोळी) घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या हृदयगतीवरून जोर ठरवता येत नाही. शिवाय साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर त्या गोळीमुळे झाकली जाते, घाम मात्र येतो. लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात सोडियम-पोटॅशियम घसरतं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी आडवं पडून करायच्या प्रकारानंतर झटकन उभं राहू नये. आधी मिनिटभर बसावं.

पहिली तपासणी: काय सांगायचं, काय टाळायचं

लॅबमध्ये गेल्यावर ऐंशी-नव्वद तपासण्यांचं पॅकेज समोर येतं. ते घेऊ नका, आणि कारण फक्त पैशाचं नाही. रिपोर्टमधली 'नॉर्मल' मर्यादा सहसा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसतात. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. त्या एका ठळक आकड्यामागे मग सोनोग्राफी, दुसरा डॉक्टर आणि महिनाभराची काळजी.

एवढं पुरतं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (ईजीएफआर म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगासह), एसजीपीटी-एसजीओटी, एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी), ड जीवनसत्त्व आणि बी१२. बीपीची गोळी असेल तर सोडियम-पोटॅशियमही. शाकाहारी मंडळींनी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी१२ चुकवू नये. ते कमी असेल तर पायांची जाणीव मंदावते, तोल जातो, आणि दोष व्यायामावर येतो. टेलोमिअर (गुणसूत्रांची टोकं) किंवा 'तुमचं जैविक वय' सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांनी एका माणसाच्या बाबतीत उद्या काय करायचं हे ठरत नाही. तेच पैसे चांगल्या बुटांवर खर्च करा.

एचबीए१सीबद्दल एक इशारा. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा रक्तस्राव झाला असेल तर खोटा कमी. सिकलसेलचे वाहक असाल (विदर्भात आणि नंदुरबारकडे ही शक्यता लक्षात ठेवावीच), तर काही यंत्रांवर तो चुकतो. आधी सीबीसीमधलं हिमोग्लोबिन पाहा. पुरुषांत १३ च्या खाली, स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर पहिलं काम पंडुरोगाचं कारण शोधणं. अशा वेळी साखरेसाठी घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी किंवा फ्रुक्टोसामिन (मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवणारी तपासणी) जास्त विश्वासाचं.

रक्त काढण्याची शिस्त

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

आदल्या दोन दिवसांत नवा किंवा जोराचा व्यायाम नको. रोजचं सवयीचं चालणं चालेल. ताकदीचे व्यायाम नव्याने सुरू केले असतील, तर एसजीओटी, एसजीपीटी आणि सीपीके सात दिवसांपर्यंत वाढलेले राहू शकतात. एसजीओटी आणि थोड्या प्रमाणात एसजीपीटी स्नायूंमध्येही असतात, फक्त यकृतात नाही. शंका आली तर जीजीटी (यकृताचं आणखी एक एन्झाइम) तपासावं, ते स्नायूंतून येत नाही. सीपीके वाढलेलं आणि जीजीटी नॉर्मल असेल, तर बोट स्नायूंकडे जातं.

उलटा घोटाळा ट्रायग्लिसराइडचा. आदल्या दिवशी तासभर दणकून चाललात, तर दुसऱ्या दिवशी हा आकडा एरवीपेक्षा कमी येतो. हा एका दिवसाच्या चालण्याचा परिणाम असतो, शरीर कायमचं बदलल्याची खूण नव्हे. पहिल्या तपासणीआधी आराम आणि दुसऱ्या तपासणीआधी लांब फेरी असं केलंत, तर सुधारणा फुगून दिसेल.

रात्रीचं जेवण आठ वाजता, सकाळी आठच्या सुमारास नमुना. मधे पाणी हवं तेवढं प्या. तहानलेल्या शरीरातलं रक्त घट्ट असतं आणि हिमोग्लोबिनपासून क्रिएटिनिनपर्यंत बरेच आकडे वर सरकतात. लॅबपर्यंत भराभर चालत जाऊ नका. पोहोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं खुर्चीत बसा. उभं असताना रक्तातलं पाणी ऊतींकडे सरकतं आणि कोलेस्टेरॉल, प्रथिनं दाट दिसतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा, ते थायरॉइडसारख्या काही चाचण्या बिघडवतं. साखरेच्या गोळीचं त्या सकाळी काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

दोन्ही वेळा लॅब एकच हवी. ताप, सर्दी-खोकला, दाढेचा ठणका, चिकुनगुनिया यांतलं काही होऊन गेलं असेल तर सीआरपीसाठी किमान तीन-चार आठवडे थांबा. एचएस-सीआरपी १० च्या वर आलं, तर ते वयाबरोबर वाढणाऱ्या मंद दाहाचं मोजमाप राहत नाही. कुठे तरी संसर्ग किंवा दुखापत आहे आणि चाचणी पुन्हा करायची आहे, एवढंच ते सांगतं.

तारीखही विचार करून निवडा. पहिली तपासणी ऑगस्टमध्ये आणि दुसरी दिवाळीच्या फराळानंतर आठवड्याभरात, अशी तुलना करायचीच नाही. चकल्या-करंज्यांपुढे बारा आठवड्यांचं चालणंही ट्रायग्लिसराइड वाचवू शकत नाही.

शरीराची मापं, सुईशिवाय

रक्तासोबत चार मापं वहीत लिहा. ती फुकट आहेत आणि रक्ताच्या आधी बदलतात.

हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं, सेकंद मोजायचे. आशियाई देशांतल्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागत असतील, तर स्नायू कमी पडू लागलेत असं धरतात. सहा मीटर नेहमीच्या चालीने चाला, सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर तीही खूण. पोटरीचा सर्वांत जाड घेर मोजा: पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, स्त्रियांत ३३ पेक्षा कमी म्हणजे लक्ष द्यायला हवं. (पायाला सूज असेल तर हे माप फसवतं.) कमरेचा घेर भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. वजनकाट्याला यात दुय्यम स्थान. चरबी एक किलो उतरली आणि स्नायू एक किलो चढला तर काटा हलतच नाही.

आठवडे १ ते १२

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस ६५ वर्षांवरच्यांसाठी अशी: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल, किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे. हे पहिल्याच सोमवारी गाठायचं नसतं.

पहिले दोन आठवडे: दिवसातल्या तिन्ही खाण्यांनंतर दहा-दहा मिनिटं चालणं. एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा हे बरं. न्यूझीलंडमध्ये मधुमेही व्यक्तींवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेवणानंतर दहा मिनिटं चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखर दिवसातून एकदा कधीही अर्धा तास चालणाऱ्यांपेक्षा सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर हा फरक २२ टक्के होता. शतपावली पावलं मोजून न थांबवता घड्याळ लावून करा, इतकंच. सोबत आठवड्यातून दोनदा खुर्चीतून उठबस, ८ वेळा, एकच फेरी. खुर्ची भिंतीला टेकवलेली आणि चाकं नसलेली.

तिसरा ते सहावा आठवडा: पाच दिवस २५-३० मिनिटं चालणं. वेग असा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस, मधे एक तरी दिवस सोडून: खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायरीवर चढ-उतार आणि दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन घरभर चालणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या, फेऱ्यांमध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती. वजन म्हणून लिटरच्या पाण्याच्या बाटल्या किंवा डाळ-तांदळाच्या पिशव्या चालतात. उठताना श्वास सोडायचा, कुंथायचं नाही. तोलासाठी ओट्याशी उभं राहून एका पायावर दहा सेकंद, पुढे वाढवत तीस. शिवाय भिंतीलगत टाचेला चवडा लावून चालणं.

सातवा ते बारावा आठवडा: बारा वेळा करून झाल्यावर 'अजून तीन-चार सहज होतील' असं वाटलं की वजन वाढवा, किंवा खुर्चीऐवजी थोडं खालचं बसणं घ्या. तिसरी फेरी जोडा. चालण्यात आठवड्यातून दोनदा एक मिनिट भरभर, दोन मिनिटं सावकाश, असं सहा वेळा.

इतकं वाचून बरेच जण चालणं घेतात आणि ताकदीचा भाग सोडतात. ही सर्वांत महाग पडणारी चूक. जेवणातली साखर साठवणारी सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू, आणि ती जागाच वयाबरोबर आक्रसत असते. वयाचं कारण इथे चालत नाही. १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या घरातल्या दुर्बल व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम करून घेतले, तेव्हा त्यांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली.

प्रथिनं नसतील तर स्नायू वाढायला सामान नाही. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, मूठभर फुटाण्यांत ६-७. चहा-खारी, वरणभात आणि रात्री पेज, एवढ्यात हे गणित बसत नाही. दुपारच्या जेवणात उसळ किंवा पिठलं, संध्याकाळी फुटाणे, रात्री पनीर, अंडं किंवा मासळी यायला हवी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

आत नेमकं काय घडतं

आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढतो. व्यायामानंतर एक ते तीन दिवस इन्सुलिनचा परिणामही वाढलेला राहतो, मग ओसरतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड नको. रविवारी एकदम दोन तास चालून आठवड्याची भरपाई होत नाही ती याचमुळे.

दुसरी गोष्ट दाहाची. वयाबरोबर शरीरात मंद, सततची दाहप्रक्रिया वाढते. इटलीतले शास्त्रज्ञ क्लॉडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये तिला दाह आणि वार्धक्य या दोन शब्दांचा जोडशब्द दिला. काम करणारा स्नायू रक्तात आयएल-६ हा पेशींमधला निरोप्या पदार्थ सोडतो. हाच पदार्थ पोटाच्या चरबीतून सतत झिरपत राहिला तर घातक, पण व्यायामात थोड्या वेळापुरता वाढला तर पाठोपाठ दाह शमवणारे पदार्थ वाढवतो. जोराच्या व्यायामानंतर सीआरपी तात्पुरतं वाढतं, पण नियमित व्यायामाने काही महिन्यांनी उतरतं, यातला विरोधाभास असा सुटतो. कमरेचा घेर मात्र उतरायला हवा. तो तसाच राहिला तर सीआरपी फारसं हलत नाही.

बाराव्या आठवड्याचा रिपोर्ट वाचताना

काहीही न बदलता केलेल्या दोन तपासण्यांतही आकडे हलतात. ट्रायग्लिसराइड २०-३० टक्के सहज इकडे-तिकडे होतं, त्यामुळे १८० चं १६० झालं म्हणून पेढे वाटू नका. १२५ झालं तर बोलू. सीआरपी त्याहून चंचल. एचबीए१सी तुलनेने स्थिर, तरी ०.१-०.२ चा फरक सोडून द्यायचा आणि ०.५ चा धरायचा. मधुमेहींवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून २०११ मध्ये काढलेल्या निष्कर्षात, नियोजित व्यायाम आठवड्याला १५० मिनिटांहून जास्त होता तिथे एचबीए१सी सरासरी ०.८९ ने उतरलं, त्याहून कमी होता तिथे ०.३६ ने. मधुमेह नसेल आणि सुरुवातच ५.५ वर असेल, तर उतरायला फारशी जागाच नसते.

एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) दोन-तीन अंकांनी वाढलं तरी चांगलं. एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) व्यायामाने फार कमी होत नाही. चालायला लागलो म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) स्वतःहून थांबवणं धोक्याचं. स्टॅटिन घेताना अंग दुखत असेल आणि सीपीके वाढलेलं असेल, तर आठवडाभर ताकदीचे व्यायाम थांबवून पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना दाखवा.

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. फार कृश व्यक्तीचं क्रिएटिनिन ०.८ असूनही मूत्रपिंड थकलेलं असू शकतं, आणि स्नायू कमावल्यावर किंवा क्रिएटिनची पावडर घेतल्यावर मूत्रपिंड ठीक असूनही आकडा किंचित वाढतो. अशा पेचात सिस्टॅटिन सी ही चाचणी मागा, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

नियमित व्यायामाने रक्तातला पाण्याचा भाग वाढतो आणि हिमोग्लोबिन थोडं पातळ दिसतं. पण साठीनंतर ते एका ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं असेल, तर व्यायामावर ढकलून मोकळं होऊ नका. पोटात कुठे रक्तस्राव होतोय का, ते बघायलाच हवं. दुखण्यावरच्या गोळ्या वारंवार घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

लगेच थांबायचं कधी

छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दडपण, घाम, अनियमित धडधड किंवा अर्धं अंग बधिर होणं, यांत घरी वाट पाहायची नाही. स्नायू प्रचंड दुखून सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटल्याची शक्यता आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्यांनी व्यायामाआधी साखर ९० च्या खाली असेल तर थोडं खाऊनच निघावं. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. खिशात साखरेच्या दोन पुड्या असाव्यात.

पावसाळ्याचं काय

कोकणात, मुंबईत चालण्याचा नेम जूनमध्ये तुटतो आणि अनेकदा गणपती उलटेपर्यंत जुळत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निरोगी ज्येष्ठांची रोजची पावलं फक्त दोन आठवडे दीड हजारांच्या आसपास आणली. तेवढ्यात पायांचे स्नायू सुमारे ४ टक्क्यांनी घटले, इन्सुलिनचा परिणाम मंदावला आणि सीआरपी वाढलं. तेव्हा पाऊस असला की इमारतीच्या व्हरांड्यात किंवा घरातच दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या चाला, आणि ताकदीच्या दोन दिवसांचे तीन करा, त्याला छत्री लागत नाही. तापामुळे आठवडाभर अंथरुणात गेला असेल, तर निम्म्या फेऱ्या आणि निम्म्या वजनाने पुन्हा सुरू करा. ठरलेली रक्ततपासणीही तेवढीच पुढे ढकला.